गारव्याची नळयोजना

मे महिन्यातल्या दुपारी फोर्ट किंवा लोअर परळमधल्या एखाद्या व्यापारी इमारतीच्या मागच्या गल्लीत उभे राहिले, की दर्शनी काचांवरून न कळणारे शहर दिसते. दोन इमारतींमधल्या डक्टमध्ये एसीची आउटडोअर युनिट्स एकावर एक टांगलेली असतात. पहिल्या मजल्यावरच्या युनिटने फेकलेली गरम हवा वर चढते आणि तीच हवा वरच्या युनिटला आत ओढावी लागते. पाचव्या मजल्यावरचा कॉम्प्रेसर त्यामुळे जास्त राबतो, जास्त वीज खातो आणि आणखी गरम हवा बाहेर टाकतो. खाली वडापावची गाडी असते, झेरॉक्सचे दुकान असते, हातगाडीवाले आणि वॉचमन असतात. त्यांच्या डोक्यावर पाणी ठिबकत असते. ज्यांनी आतला गारवा विकत घेतला, त्यांना बाहेरचा उकाडा जाणवत नाही; ज्यांच्या वाट्याला तो उकाडा येतो, त्यांना गारवा परवडत नाही.

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि हे करताना खाल्लेली वीजही शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. एक टनाचा एसी खोलीतून साडेतीन किलोवॉट उष्णता काढत असेल, तर रस्त्यावर साडेचार किलोवॉटच्या आसपास उष्णता सोडतो. एका यंत्राचे हे गणित किरकोळ वाटते. शहरात अशी लाखो यंत्रे असली, की तेच शहराचे हवामान होते. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे काही भागांतले रात्रीचे तापमान एक अंशाहून अधिक वाढत असल्याचे दिसले. रात्री शहर निवत नाही, म्हणून आणखी एसी लागतात. आणखी एसी लागले, की शहर आणखी तापते.

या फेऱ्यात भारत आता कुठे शिरतो आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ च्या अहवालात जगातल्या एसींची संख्या १६० कोटी धरली होती आणि २०५० पर्यंत ती ५६० कोटींवर जाईल, असा अंदाज केला होता. त्यांतले सुमारे ११० कोटी एकट्या भारतात असतील. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’नुसार २०१७-१८ ते २०३७-३८ या वीस वर्षांत देशाची शीतकरणाची गरज आठपट होणार आहे. ३० मे २०२४ रोजी उष्णतेच्या लाटेत देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटच्या उच्चांकाला पोचली. त्या वेळी आपल्याकडे दर शंभर घरांतल्या आठ-दहा घरांतच एसी होता, हे लक्षात घेतले तर पुढचे चित्र वेगळे रंगवून सांगायला नको.

म्हणून मला जे म्हणायचे आहे ते सुरुवातीलाच सांगतो. दाट वस्तीच्या शहरात ऊब आणि गारवा ही पाण्यासारखी नागरी सेवा मानली पाहिजे. मुंबई एकेकाळी आपापल्या विहिरींवर आणि टाक्यांवर जगत होती. ज्याच्या अंगणात विहीर, त्याचे पाणी. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, तेव्हा पाणी ही प्रत्येकाने आपापली सोय लावण्याची बाब राहिली नाही. सगळ्यांनी मिळून उभारण्याची आणि चालवण्याची ती व्यवस्था झाली. गारव्याच्या बाबतीत आपण अजून विहिरींच्या काळात आहोत. प्रत्येक खिडकीला आपली विहीर आहे आणि सगळ्या विहिरींचा गाळ एकाच गल्लीत टाकला जातो आहे. यातून बाहेर पडण्याचे तंत्र जगात शंभर वर्षांहून जुने आहे. पण ते कुठे यशस्वी ठरले आणि कुठे बदनाम झाले, हे यंत्रांवर फारसे अवलंबून नव्हते. मालकी कोणाची, दर कोण ठरवणार आणि पाइप आधी की इमारत आधी, या तीन प्रश्नांवर ते ठरले.

तंत्र समजायला अवघड नाही. एका भागासाठी एक मध्यवर्ती केंद्र असते. थंड प्रदेशात तिथे पाणी तापवतात, उष्ण प्रदेशात मोठ्या चिलरवर ते पाच-सहा अंशांपर्यंत गार करतात. इन्सुलेशन केलेले दोन पाइप रस्त्याखालून जातात, एक जाण्याचा आणि एक परतीचा. प्रत्येक इमारतीत उष्णता-विनिमयक बसवलेला असतो. त्यातून इमारत आपल्याला हवी तेवढी ऊब किंवा गारवा घेते आणि पाणी परत पाठवते. हे पाणी कोणी पीत नाही, वापरून संपवत नाही. ते फक्त फिरत राहते. यालाच डिस्ट्रिक्ट हीटिंग आणि डिस्ट्रिक्ट कूलिंग म्हणतात.

फायदा तीन ठिकाणी होतो. पहिला, मोठे यंत्र कार्यक्षम असते. घरातल्या स्प्लिट एसीला एक टन गारव्यासाठी एक किलोवॉट किंवा थोडी अधिक वीज लागते, तर पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या चिलरला पाऊण किलोवॉटही पुरते. दुसरा, सगळ्यांना एकाच वेळी कमाल गारवा लागत नाही. ऑफिसला दुपारी लागतो, नाट्यगृहाला संध्याकाळी, घराला रात्री. प्रत्येक इमारतीने आपल्या सर्वांत कडक दिवसासाठी यंत्र घेतले, तर शहरात गरजेपेक्षा किती तरी जास्त यंत्रे बसतात आणि बहुतेक काळ अर्ध्या क्षमतेने घरघरत राहतात. सामायिक केंद्राला बेरजेपेक्षा बरीच कमी क्षमता पुरते. तिसरा फायदा येत्या काळात सर्वांत मोलाचा ठरेल. थंड पाणी किंवा बर्फ साठवून ठेवता येतो. दुपारी सौर वीज मुबलक असताना टाकी गार करून ठेवावी आणि संध्याकाळी सात ते अकरा, वीज महाग आणि कोळशाची असताना, ती वापरावी. हजारो वेगवेगळ्या एसींना हे जमत नाही.

हे कागदावरचे हिशेब नाहीत, याची साक्ष डेन्मार्क देतो. १९०३ मध्ये कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग इथे कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातली उष्णता नव्या इस्पितळाला देण्यात आली. तरीही पुढची सत्तर वर्षे बहुतेक डॅनिश घरे स्वतःच्या तळघरातल्या बॉयलरमध्ये तेल जाळत राहिली. १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला, तेव्हा देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी घालावी लागली. त्या हादऱ्यातून १९७९ चा उष्णता पुरवठा कायदा आला.

या कायद्याने कुठलेही नवे यंत्र शोधून काढले नाही. त्याने नगरपालिकांना एक काम लावले: आपल्या हद्दीत कुठे किती उष्णता लागते याचा नकाशा करा, कुठल्या भागात सामायिक पाइप जाईल आणि कुठल्या भागात नैसर्गिक वायू जाईल, ते ठरवा. दोन्ही जाळी एकाच रस्त्यात घालून पैसे वाया घालवू नका. नफ्याचा प्रश्नही कायद्यानेच निकालात काढला. उष्णतेचा दर खर्चाइतकाच. पुरवठादाराने त्यातून नफा कमवायचा नाही. जोडणी सक्तीची करण्याचा अधिकारही पुढे नगरपालिकांना मिळाला. लोकांचा विश्वास बसल्यावर, अलीकडच्या काळात, ती सक्ती काढून टाकली. आज डेन्मार्कमधली जवळजवळ दोन-तृतीयांश घरे सामायिक उष्णतेवर आहेत आणि कोपनहेगनमध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांच्या घरात आहे.

अशा घराच्या तळघरात एक छोटे कपाट असते, भिंतीला लावलेले, लहान फ्रिजएवढे. त्यात ना ज्योत, ना तेलाची टाकी, ना धुराडे. रस्त्याकडून दोन पाइप येतात, घराकडे पाइप जातात आणि मध्ये पातळ पत्र्यांचा उष्णता-विनिमयक असतो. बाजूला मीटर असतो. तो किती पाणी फिरले, किती गरम आले आणि किती गार होऊन परत गेले, या तिन्ही गोष्टी मोजतो. परतीचे पाणी जितके गार, तितकी त्यातली उष्णता घराने नीट वापरली. म्हणून अनेक ठिकाणी पाणी फार गरम परत पाठवणाऱ्या ग्राहकाला जादा आकार लागतो आणि चांगले गार करून पाठवणाऱ्याला सवलत मिळते. सामायिक व्यवस्थेतही प्रत्येकाच्या वागण्याचा हिशेब ठेवता येतो, हे त्या मीटरवर वाचता येते.

जाळ्याचा सर्वांत मोठा गुण मात्र त्या कपाटाच्या पलीकडे आहे. पाइप एकदा पडला, की पाण्याला उष्णता कशाची मिळते याच्याशी घराला देणेघेणे राहत नाही. डेन्मार्कने तेल सोडून कोळसा घेतला, मग वायू, कचरा आणि लाकूडकाडी घेतली, सिल्केबोर्गसारख्या गावात सौर उष्णतेची मैदाने उभारली, आणि एस्बजर्गमध्ये कोळशाच्या केंद्राची जागा समुद्राच्या पाण्यातून उष्णता खेचणाऱ्या प्रचंड हीट पंपांनी घेतली. इतक्या वेळा इंधन बदलले, पण हजारो घरांतले एकही कपाट त्यासाठी बदलावे लागले नाही. घरोघरी बॉयलर असते, तर प्रत्येक वेळी लाखो कुटुंबांची मनधरणी करावी लागली असती. हवामानाच्या संकटात शहराला एका झटक्यात इंधन बदलता येणे ही किती मोठी ताकद आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

शहरांत उष्णता वायाही फार जाते. कोळशाच्या वीज केंद्रात जळणाऱ्या ऊर्जेचा साधारण एक-तृतीयांश भाग वीज होतो. उरलेला शीतकरण मनोऱ्यातून आकाशात किंवा पाण्यातून समुद्रात जातो. लंडनमध्ये १९५० पासून बॅटरसी वीज केंद्रातली अशी वाया जाणारी उष्णता टेम्स नदीखालून पाइपने पलीकडे नेऊन पिम्लिकोमधली घरे उबदार ठेवली गेली. हेलसिंकी २००६ पासून सांडपाण्यातून उष्णता काढते. लंडनच्या इझलिंग्टन भागात २०२० पासून भुयारी रेल्वेच्या झरोक्यातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेवर घरे तापतात. महाराष्ट्राला ही बुद्धी परकी नाही. आपले साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वाफ करतात, त्या वाफेवर आधी टर्बाइन फिरवून वीज काढतात आणि मग तीच वाफ रस आटवायला वापरतात. सहवीजनिर्मिती हा शब्द आपल्या ग्रामीण भागाला चांगला परिचित आहे. तीच नजर शहराकडे वळवायची आहे.

गारव्याच्या बाबतीतही मोठी उदाहरणे आहेत. टोरांटोत २००४ पासून चालू असलेल्या व्यवस्थेसाठी ओंटारिओ सरोवरात पाच किलोमीटर आत आणि ८३ मीटर खोलवर पाइप टाकले आहेत. तिथले पाणी बारा महिने चार अंशांच्या आसपास असते. त्या पाण्याचा गारवा उष्णता-विनिमयकातून शहराच्या जाळ्याला दिला जातो आणि तेच पाणी पुढे शहराच्या नळांना जाते. पॅरिसमध्ये १९९१ पासून थंड पाण्याचे जाळे आहे. सीन नदीच्या पाण्याचा आधार घेणाऱ्या त्या जाळ्यावर लूव्र संग्रहालय गार राहते. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये पंधरा हजारांच्या आसपास माणसे उष्णतेने गेली, त्यांत म्हातारी माणसे जास्त. २०२२ मध्ये पॅरिसने वीस वर्षांचा नवा करार केला, तेव्हा जाळे जवळजवळ तिप्पट करताना इस्पितळे, पाळणाघरे आणि वृद्धाश्रम यांनाही ते पोचले पाहिजे, असे उद्दिष्ट ठेवले.

मुंबईचा समुद्र ओंटारिओ सरोवर नाही. त्याचे पाणी उन्हाळ्यात तीस अंशांच्या आसपास असते, आणि खोल गार पाणी किनाऱ्यापासून फार दूर आहे. आपल्याकडे निसर्गाकडून आयता गारवा मिळणार नाही. तो यंत्रानेच करावा लागेल. म्हणूनच इतरांचे यश आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येणार नाही, आणि विरोधातले मुद्देही गंभीरपणे तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप इतिहासाचा आहे. सोव्हिएत काळातल्या शहरांत सामायिक उष्णता घरोघरी होती, पण मीटर नव्हता आणि खोलीत तापमान कमीजास्त करायची सोय नव्हती. आकार घराच्या क्षेत्रफळावर. फार उकडले, तर हिमवर्षावात खिडकी उघडायची, एवढाच उपाय हाती असे. चीनमध्ये ह्वाय नदीच्या उत्तरेकडे सरकारने हिवाळी उष्णतेसाठी कोळसा पुरवला आणि दक्षिणेकडे दिला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नदीच्या उत्तरेकडचे आयुर्मान धुरामुळे साडेपाच वर्षांनी घटल्याचे सांगितले. २०१७ च्या पुढच्या अभ्यासात हा आकडा तीन वर्षांच्या आसपास आला. पाइप सामायिक असला, म्हणून इंधन स्वच्छ होत नाही. मीटर नसेल, तर सामायिक म्हणजे बेजबाबदार, हेच खरे ठरते.

दुसरा आक्षेप मक्तेदारीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एसी पसंत पडला नाही, तर दुसऱ्या कंपनीचा घेता येतो. पाइप मात्र एकच. दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव आहे. तिथे भाड्याच्या घरांच्या जाहिरातीत ‘चिलर फ्री’ असे ठळक छापतात. भाडेकरूला थंड पाण्याचे वेगळे बिल भरावे लागणार नाही, हा तिथे मोठा आकर्षणाचा मुद्दा असतो. कारण त्या बिलात वापराबरोबर क्षमतेचा ठरावीक आकारही असतो आणि सुट्टीत घर बंद ठेवून गावी आले, तरी तो चुकत नाही. दुबईने या सेवेसाठी स्वतंत्र नियम केले ते २०२१ मध्ये, जाळी पसरून बरीच वर्षे झाल्यावर. ब्रिटनमध्ये २०२२ च्या इंधन दरवाढीत सामान्य ग्राहकांना दरमर्यादेचे संरक्षण होते, पण सामायिक उष्णतेच्या ग्राहकांना ते नव्हते. त्यांची बिले भडकली. २०२३ च्या कायद्याने हे काम तिथल्या ऊर्जा नियामकाकडे सोपवावे लागले.

सिंगापूरने मात्र उलटा क्रम धरला. मरिना बे परिसरात थंड पाण्याची सेवा २००६ मध्ये सुरू झाली, पण तिचा कायदा २००१ चा आहे. कोणत्या भागात सेवा असेल, इमारतींनी कधी जोडून घ्यायचे, दरावर देखरेख कोणाची, हे पाइप पुरण्याआधी ठरले. डेन्मार्कचा धडाही हाच. दोन्ही देशांत कायदा पुढे गेला आणि पाइपांचा मोठा विस्तार त्याच्या मागून. दुबई आणि ब्रिटनमध्ये पाइप आधी गेला आणि कायद्याला नंतर धावपळ करावी लागली. सामायिक गारव्यावर विश्वास ठेवायचा की नाही, याचे उत्तर या क्रमात आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. सगळे एका केंद्रावर असेल, तर एक बिघाड सगळ्यांना भोवतो. जुलै २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वाफेचा जुना पाइप भर रस्त्यात फुटला. २०२२ पासून युक्रेनमध्ये रशियाने उष्णता पुरवणाऱ्या केंद्रांवर हल्ले केले आणि कडाक्याच्या थंडीत घरे गारठली. हा धोका खोटा नाही. त्यावर उपाय म्हणजे एकाच अजस्र केंद्राऐवजी परस्परांना जोडलेली अनेक लहान केंद्रे, साठवणुकीच्या टाक्या आणि इस्पितळांसाठी पर्यायी यंत्रे. वाफेऐवजी पाणी वापरणाऱ्या नव्या जाळ्यांत स्फोटाचा प्रश्नही राहत नाही.

चौथा आक्षेप आपल्या भूमीतला आहे: पाणी. मोठे चिलर उष्णता बाहेर टाकतात, ती बहुधा शीतकरण मनोऱ्यात पाण्याची वाफ करून. एक टन गारवा तासभर दिला, की साधारण सहा लिटर पाणी उडून जाते. दहा हजार टनांचे केंद्र दिवसात दहा तास चालले, तर सहा लाख लिटर. ज्या पुण्यात उन्हाळा आला, की टँकर सुरू होतात, तिथे हे पाणी पिण्याच्या वाट्यातून घेणे अन्याय ठरेल. ते प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातूनच आले पाहिजे, आणि त्याचा पायंडा महाराष्ट्रात पडलेला आहे. नागपूरच्या भांडेवाडी प्रकल्पातले प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. शहराचे सांडपाणी वीज केंद्राला चालते, तर शहराच्या गारव्यालाही चालेल.

शेवटचा आक्षेप न्यायाचा. घराघरांत एसी नसलेल्या देशात ही योजना म्हणजे आयटी पार्क आणि आलिशान टॉवरची सोय, असे कोणी म्हटले, तर ते झटकून टाकता येणार नाही. पत्र्याच्या घरातल्या माणसाला चिलरचा पाइप कधीच पोचणार नाही. त्याला सावली हवी, छपराला पांढरा रंग हवा, वारा येणारी खिडकी हवी, झाड हवे. शीतकरणाचे धोरण तिथूनच सुरू झाले पाहिजे, आणि नव्या इमारतींना कमी गारवा लागेल अशा बांधायला लावणे हे त्यातले पहिले काम. पण ज्यांनी एसी घेतलाच आहे आणि घेणारच आहेत, त्यांची उष्णता आज त्याच पत्र्याच्या घराच्या गल्लीत टाकली जाते. ती तिथून उचलून एका नियंत्रित जागी नेणे हाही न्यायच आहे. इस्पितळे, भाजी मंडईतली शीतगृहे, रेल्वे स्थानके, सार्वजनिक वाचनालये या जाळ्यावर आधी घेतली, तर तो गारवा सगळ्यांच्या उपयोगाचा होतो.

हे जाळे सगळीकडे नको, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. पाइपाचा खर्च त्याच्या लांबीवर ठरतो आणि वसुली गारव्याच्या घनतेवर. विरळ बंगल्यांच्या भागात तो परवडणार नाही. जिथे काही शेकडो मीटरांत ऑफिसे, मॉल, इस्पितळ आणि उंच इमारती एकत्र येतात, तिथेच तो परवडतो. जर्मनीने २०२४ पासून लागू केलेल्या कायद्याने प्रत्येक शहराला उष्णतेचा आराखडा करणे बंधनकारक केले, ते याचसाठी. कुठे पाइप टाकायचा आणि कुठे नाही, हे आधी कागदावर दिसले पाहिजे.

आपल्याकडे सुरुवात झालेली आहे, पण ती चाचपडत. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत २०१५ पासून देशातले पहिले डिस्ट्रिक्ट कूलिंग चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने भारतातल्या काही शहरांची प्राथमिक पाहणी केली, त्यात पुणे आणि ठाणे होते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. मात्र मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे. २००३ च्या वीज कायद्यात विजेचा दर आयोगापुढे सुनावणी होऊन ठरतो. थंड पाण्याच्या दरासाठी अशी जागा नाही. विकासकाने कंपनीशी वीस वर्षांचा करार करायचा आणि फ्लॅट घेणाऱ्याने तो निमूटपणे पाळायचा, असे झाले, तर दुबईची चूक आपण पुन्हा करू, आणि तीही माहीत असताना.

इथे महाराष्ट्राकडे एक भांडवल आहे. डेन्मार्कमधल्या उष्णता कंपन्या बहुतांशी नगरपालिकांच्या किंवा ग्राहकांच्याच सहकारी संस्था आहेत. गावातल्या ग्राहकांची वार्षिक सभा भरते, हिशेब मांडला जातो, जास्त जमा झाले असेल, तर पुढच्या वर्षी दर उतरतो. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून या राज्याला सभासद, भागभांडवल आणि वार्षिक सभा शिकवावी लागत नाही. शहरात तर लाखो कुटुंबे सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतात. पाण्याची टाकी, लिफ्ट, जनरेटर सामायिक आणि मेंटेनन्स सगळ्यांचा, हे त्यांच्या रोजच्या जगण्यातले आहे. दहा-पंधरा सोसायट्यांच्या महासंघाने गारव्याचे केंद्र चालवायला घेणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

याच वाटेवर ठेचही लागलेली आहे. श्रीरामपूर-राहुरी भागात वीज वितरण करणाऱ्या मुळा-प्रवरा सहकारी संस्थेची थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये तिथले वितरण महावितरणकडे गेले. सहकार म्हणजे आपोआप चांगुलपणा नव्हे. वसुली, मीटर, लेखापरीक्षण आणि बाहेरची देखरेख नसेल, तर सहकारही बुडतो. म्हणून मालकी सहकाराची किंवा महापालिकेची असो वा खाजगी कंपनीची, दर मात्र नियामकाने ठरवलेलाच हवा आणि प्रत्येक घराला मीटर हवाच.

आता वेळेचा मुद्दा, आणि तो सर्वांत तातडीचा आहे. तयार शहरात पाइप घालणे महाग पडते. आपल्या रस्त्यांखाली जलवाहिनी, गटार, गॅस, वीज आणि फायबर केबल यांची आधीच गर्दी आहे, आणि नवा डांबरी रस्ता आठवड्यात खोदला जाण्याचा संताप प्रत्येकाने अनुभवला आहे. मोकळ्या जमिनीवर शहर वसत असताना तोच पाइप कितीतरी स्वस्तात पडतो. हिंजवडीला लागून असलेल्या म्हाळुंगे-माण नगररचना योजनेत आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात आज रस्ते आखले जात आहेत. तिथे रस्त्यासोबत एक रिकामा सेवा-बोगदा आणि गारव्याच्या केंद्रासाठी एक राखीव भूखंड एवढे जरी आज ठेवले, तरी पुढच्या पन्नास वर्षांचे दार उघडे राहते. तिथे आधी टॉवर उभे राहिले आणि प्रत्येक गॅलरीत आउटडोअर युनिट टांगले गेले, तर हे दार आपल्या हातानेच बंद झालेले असेल.

म्हणून मागण्या नेमक्या आहेत. राज्य सरकारने थंड पाण्याच्या सेवेला नागरी सेवेचा दर्जा देणारा आणि तिचा दर वीज नियामक आयोगाकडे सोपवणारा कायदा करावा. पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या प्रत्येक महापालिकेने शीतकरणाचा आराखडा करावा आणि तो विकास आराखड्याचा भाग मानावा. नव्या नगररचना योजनांत सेवा-बोगदा आणि केंद्राचा भूखंड बंधनकारक व्हावा. शीतकरण मनोऱ्यांना पिण्याचे पाणी देऊ नये. पहिल्या जोडण्या सरकारी इस्पितळांना मिळाव्यात.

यातले काहीच वरून आपोआप येणार नाही. आपल्या शहराचा विकास आराखडा किंवा नगररचना योजना प्रसिद्ध झाली, की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. बहुतेक लोक आपल्या प्लॉटवर आरक्षण येते का, एवढेच पाहतात. पुढच्या वेळी तो नकाशा उघडाल, तेव्हा आणखी एक गोष्ट तपासा: शाळा, बाग, दवाखाना, जलकुंभ यांच्या आरक्षणांत गारव्याच्या केंद्राला जागा आहे का? नसेल, तर तशी लेखी सूचना द्या आणि आपल्या सोसायटीलाही द्यायला सांगा. पुढच्या पिढीचा उन्हाळा कसा जाणार, हे त्या नकाशावरच ठरणार आहे.